वरून टाकणार नाही

त्या उन्हाळ्यात विशाखा तायडेने उजव्या हातात रबरी मोजा घातला आणि सावद्यात माणसं आजारी पडू लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही. तिच्या तर नाहीच.

मोजा घालायचं कारण साधं होतं. तळहाताला खाज सुटली होती. आरोग्य खात्याकडून दर महिन्याला पांढऱ्या लेपाची एक डबी यायची. डबीवर ‘औषधज्ञांच्या हातांच्या संरक्षणासाठी’ असं छापलेलं असायचं, आणि गेली काही वर्षं ती तो लेप इमानेइतबारे चोळत आली होती. या खेपेच्या डबीने तळवा लालभडक झाला. तिने लेप बंद केला, हात कडक साबणाने धुतला आणि मोजा चढवला. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या बाईने खाजरा हात लोकांच्या हातात द्यावा, हे तिला पटेना.

हातात द्यावा, हे शब्दशः खरं होतं. विशाखा कधी औषध काउंटरवरून सरकवत नसे. पाकीट गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायची, त्याची बोटं आपल्या हाताने मिटायची आणि मिटलेल्या मुठीवर क्षणभर हात ठेवून औषधाचं नाव, कशासाठी, कधी घ्यायचं आणि काय त्रास होऊ शकतो, ते सांगायची. नाव सांगितल्याशिवाय गोळी द्यायची नाही हा तिचा नेम होता. लोक त्याची थट्टा करत, पण दुसऱ्या दुकानात गेले की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होई.

खरं म्हणजे त्या काळात औषधाला दुकानाची गरजच उरली नव्हती. घरोघरी भिंतीत गोळीपेटी बसवलेली होती. डॉक्टर दूर कुठेतरी बसून चिठ्ठी लिही, आणि ठरलेल्या वेळी पेटीच्या खणात गोळी टपकन पडे. दुकानं बंदच व्हायची, पण सरकारने ‘हस्ते नियम’ काढला. काही औषधं पेटीतून मिळणार नाहीत, ती औषधज्ञाच्या हस्तेच घ्यावी लागतील, असा तो नियम. गल्ल्यावर बसणारा माणूस आता गावाच्या तब्येतीचा पहारेकरी झाला होता. रक्तदाब बघायचा, लस टोचायची, कोणाच्या घरात ताप आहे ते वर कळवायचं, म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन यायचं. कागदोपत्री विशाखाच्या पदाचं नाव ‘जनारोग्य औषधज्ञ’ होतं. गावात तिला मेडिकलवाली ताई म्हणत.

हे सगळं करावं लागलं ते निर्ढावामुळे. पन्नास-साठ वर्षं लोकांनी जंतुनाशक गोळ्या चण्याफुटाण्यांसारख्या खाल्ल्या, बरं वाटलं की अर्ध्यातच सोडल्या, आणि त्यातून तगलेले जंतू असे निर्ढावले की कुठल्याच औषधाला जुमानेनात. डॉक्टर त्या आजाराला लांबलचक नाव द्यायचे. लोकांनी त्याला नुसतं ‘निर्ढाव’ म्हणायला सुरुवात केली. काटा रुतायचा, कातडीवर बसलेला निर्ढाव त्या वाटेने आत शिरायचा, आणि आठवडाभरात धडधाकट माणूस जायचा. देशात इतरत्र त्याने गावं ओस पाडली होती. सावद्यात मात्र त्याचं नाव ऐकू यायचं ते बातम्यांतूनच.

ट्रकवर केळीचे घड चढवणारा सुपडू तडवी रोज दुपारी बायकोच्या दम्याचं औषध न्यायला यायचा. मोजा बघून तो म्हणाला, “ताई, हे कशाले? आमच्या हातांची घाण वाटू राहिली का आता?”

“माझ्या हाताला खाज आलीय रे. तुला लागू नये म्हणून.”

“लागू द्या ना. तुमच्या हातची खाजही गुणाचीच असंल.” आणि तो स्वतःच्या विनोदावर हसत गेला.

पुढच्या महिन्यात बागेत घड कापताना सुपडूच्या पोटरीला विळा लागला. जखम बोटभर. तिसऱ्या दिवशी पाय सुजला आणि आठवडा संपायच्या आत त्याला मूठमाती दिली. त्याच्यामागोमाग एक शिक्षिका गेली, नंतर पेठेतली एक नुकतीच बाळंत झालेली पोर. सावद्यात निर्ढाव शिरला होता.

डॉक्टर अनंत खांबेटे पुण्याहून आले ते या बातमीमागून. पंचेचाळिशीचे, सडपातळ, उन्हाने अगदी कोमेजलेले. एका संशोधन संस्थेत जंतूंवर काम करतात एवढंच त्यांनी सांगितलं. दुपारची वेळ होती, दुकानात कोणी नव्हतं. विशाखाने त्यांना ताक दिलं. पेला घेताना त्यांची नजर मोज्यावर होती.

“ताई, तो मोजा काढाल का?”

“खाज आहे.”

“माहीत आहे. डबीत चूक आमची झाली. पण मोजा काढा. कृपा करून.”

त्यांच्या आवाजात असं काही होतं की तिने मोजा काढला आणि स्टुलावर बसली. “आता सांगा.”

खांबेट्यांनी ताक संपवलं. “इथले लोक म्हणतात ना, तुमच्या हाताला गुण आहे?”

“म्हणतात. लोकांचं काय? मी देते ती गोळी आणि दुसऱ्या दुकानात मिळते ती गोळी, दोन्ही एकाच कारखान्यातून येतात.”

“गोळी एकच असते. हात एक नसतो. हा हातगुण खरा आहे, ताई. तो आम्ही घातलाय.”

तिला वाटलं, ऊन लागलंय यांना. पण ते नीट, सावकाश सांगत होते.

आपल्या कातडीवर कोट्यवधी जिवाणू राहतात, हे तर ती शिकलेलीच होती. कातडी म्हणजे त्यांच्या दृष्टीने भरगच्च गाडी. निर्ढावाला माणसाच्या आत शिरायचं तर आधी कातडीवर बूड टेकायला जागा हवी. मग एखाद्या निरुपद्रवी जिवाणूने ती जागा आधीच अडवून ठेवली तर?

“एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं,” खांबेटे म्हणाले.

“आमच्याकडे टोपी टाकतात.”

“टोपी म्हणा. आम्ही असा एक जिवाणू घडवला. त्याला ‘सोबती’ म्हणतो. तो आजार करत नाही, नुसता जागा धरून बसतो. स्पर्शाने एकाकडून दुसऱ्याकडे जातो. अडचण एवढीच की बहुतेकांच्या अंगावर तो महिनाभर टिकतो, मग विरून जातो. कायमचा टिकतो तो हजारात एखाद्याच्या कातडीवर, आणि तिथेही त्याला चारा द्यावा लागतो.”

“लेप,” विशाखा म्हणाली.

“लेप. अशा माणसाला आम्ही ‘स्रोत’ म्हणतो. गावात एक स्रोत पुरतो, पण तो असा हवा की ज्याच्या हाताला सगळं गाव महिन्यातून एकदा तरी लागेल. आम्ही बरेच विचार केले. न्हावी घेतला, तर बायका सुटतात. मास्तर घेतला तर म्हातारे सुटतात. औषधाच्या दुकानात सगळे येतात. आणि ज्या घरात आजार आहे त्या घरातले आधी येतात.”

“म्हणून हस्ते नियम.”

“म्हणून.”

बाहेर केळीने भरलेला एक ट्रक घरघरत गेला. विशाखा आपल्या तळहाताकडे बघत होती. लाल चट्टे आता फिकट झाले होते. आपल्याला वाटत होतं की हा आपला हात आहे.

“औषधाची दुकानं तर खूप आहेत. सावद्यात मीच का?”

खांबेटे जरा अडखळले, मग मोकळेपणाने म्हणाले, “आम्ही इथल्या सगळ्या दुकानांतलं चित्रण पाहिलं. सगळे जण पाकीट सरकवतात, नाहीतर पिशवीत टाकतात. तुम्ही एकट्या तळहातावर ठेवता आणि मूठ मिटता. तुमची कातडी जुळली हे आमचं नशीब. पण निवडलं ते त्या सवयीमुळे.”

ती सवय तिची नव्हतीच. ती तिच्या आजोबांची होती.

आजोबांच्या लहानपणी त्यांच्या वस्तीतल्या माणसाला वाण्याच्या पायरीवर चढता येत नसे. खाली रस्त्यात उभं राहून ओंजळ धरायची आणि दुकानदाराने वरून पुडी टाकायची. त्याचा हात लागू नये एवढ्या उंचीवरून. तापाच्या औषधाची पुडी एकदा अशीच वाऱ्याने फाटून धुळीत सांडली, आणि आजोबांनी ती धूळ चाळून बहिणीला पाजली होती. बहीण जगली की नाही हे ते सांगत नसत. विशाखाने दुकान काढलं तेव्हा ते फार थकले होते. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालून झाला आणि त्यांनी तिला जवळ बोलावून एकच गोष्ट मागितली. “कोणाले वरून टाकू नको. हातात देजो. त्याची बोटं मिटून देजो.”

दुकान उघडल्यावर पेठेतून पहिले दोन महिने कोणी आलं नाही. मग एक दिवस केळीचे व्यापारी धोंडूबापू फेगडे आले आणि भर दुपारी, सगळ्या पेठेच्या देखत, त्यांनी तिच्यापुढे तळहात पसरला. त्यानंतर सगळे येऊ लागले.

“माणसाला माणसाचा हात लागावा म्हणून मी ते करत होते,” विशाखा म्हणाली. “तुम्ही त्याची सुई केलीत.”

“तिने हजारो माणसं जगवली, ताई.”

“आणि मला सांगितलं नाही. त्यांनाही नाही.”

“सांगितलं असतं तर त्यांनी हात मागे घेतला असता. एका गावात आम्ही सांगून पाहिलं होतं. लोकांनी काय काय विचारलं माहीत आहे? याने पोरं होणं बंद होईल का, हे कोणत्या देशाने केलं, आणि...” ते थांबले.

“आणि?”

“आणि कोणाच्या अंगावरचे हे जंतू.”

विशाखा हसली. त्या हसण्याने खांबेट्यांनी मान खाली घातली.

“कळलं,” ती म्हणाली. “म्हणजे हेही तुमच्या हिशेबात होतं. ताईचा हात चालतो, पण ताईच्या हातावरचं काय येतं ते सांगू नका.”

“मी वाईट माणूस नाही, ताई. माझी आई साताऱ्याकडे एका गावात असते. तिथला औषधज्ञही स्रोत आहे. मी तिलाही सांगितलेलं नाही. ती जिवंत आहे, एवढं मला पुरतं.”

“मला नाही पुरत. मी साधी पित्ताची गोळीसुद्धा नाव सांगितल्याशिवाय दिली नाही कधी. आता मीच औषध झालेय, तर माझ्या अंगावर नाव नको?”

“नाव लावलंत तर माणसं मरतील. सुपडू तडवी आठवा. मोजा घालून तेव्हा महिनाच झाला होता.”

हा घाव वर्मी लागला. खांबेटे उठले, पायरीवर वळून म्हणाले, “लेपाची नवी डबी ठेवलीय. लावा. बाकी खात्याचा आदेश मोडलात तर परवाना जाईल, हे सांगणं माझं काम आहे.”

ती रात्रभर जागली वगैरे काही नाही. तिने संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं, वांग्याचं भरीत केलं आणि जेवताना ठरवलं. सुपडू तिला पुन्हा पुन्हा आठवत होता, पण तो आठवला की त्याचा प्रश्नही आठवत होता. घाण वाटू राहिली का? त्याला खरं उत्तर मिळालं नव्हतं, कारण खरं उत्तर तिच्याकडेच नव्हतं. जेवण झाल्यावर तिने नव्या डबीतला लेप काढला आणि तळहाताला नीट चोळला. मग एक पांढरा पुठ्ठा घेतला.

सकाळी काउंटरवर तो पुठ्ठा उभा होता. औषधाच्या खोक्यावर असतो तसाच मजकूर होता, फक्त हाताने लिहिलेला:

‘माझ्या उजव्या हातावर सोबती नावाचा जिवाणू आहे. तो सरकारने ठेवला आहे. माझा हात लागला की तो तुमच्या अंगावर येतो, महिनाभर राहतो आणि निर्ढावाला जागा देत नाही. निरोगी माणसाला त्रास नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी आहे त्यांनी आधी विचारावे. तो माझ्या कातडीवर वाढलेला आहे. माझं नाव विशाखा तायडे. घ्यायचा असेल तर हात पुढे करा. नको असेल तर तसं सांगा, पाकीट काउंटरवर ठेवीन, ते उचला. वरून टाकणार नाही.’

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ती वाचून दाखवत होती. कॉलेजातल्या एका मुलीने हात पुढे केला, मग मागे घेतला, मग पुन्हा पुढे केला आणि म्हणाली, “जाऊ द्या, परीक्षा आहे. आजारी पडून चालणार नाही.” कोणाचा गैरसमज असा झाला की हात लावायचे वेगळे पैसे पडणार. एक म्हातारी सगळं ऐकून म्हणाली, “हे तर मले आधीपासून माहीत आहे. गुण आहे म्हणून तर येतो ना बाप्पा.” काही जण पाकीट काउंटरवरून उचलून, तिच्याकडे न बघता गेले. काहींनी नुसता पुठ्ठा वाचला आणि दुकानाची पायरी उतरून परत गेले. दुपारपर्यंत तिने मोजणं सोडून दिलं होतं.

दुपारी धोंडूबापू आले. आता ऐंशीच्या घरातले, साखरेचे रोगी. पायाच्या अंगठ्याला न भरणारी एक जुनी जखम होती आणि तिची पट्टी विशाखाच बदलत असे. काठी टेकवून त्यांनी चष्मा लावला आणि पुठ्ठा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

“म्हंजे तू इतकी वर्षं आमच्या अंगावर जंतू सोडू राहिली होती?”

“मलाही कालच कळलं, बापू.”

“हे बघ पोरी. तुझी जात काढायला आलो नाही मी. ते मी केलं असतं तर तेव्हाच केलं असतं.”

“माहीत आहे.”

“पण जिवंत वस्तू आहे ती. माझ्या अंगावर कोण राहील ते मी ठरवीन. दिल्लीवाल्याने नाही, तू नाही. बरोबर का चूक?”

“बरोबर,” विशाखा म्हणाली. असं म्हणताना तिला त्यांचा अंगठा दिसत होता. “पण बापू, तुमच्या पायाला जखम आहे. निर्ढाव गावात आहे. तुम्ही घ्या, असं मी सांगीन. हजारदा सांगीन. घ्यायचं की नाही, ते तुमचं.”

“नको.” त्यांनी हात पसरला, तो नेहमीच्या सवयीने. मग एकदम वर बघितलं, हात जरा मागे घेतला आणि दोन्ही हातांची ओंजळ केली. “वरून टाक.”

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. ती वळून बघू लागली. बापूंनाही आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर कळलं. त्यांचा चेहरा उतरला, पण ओंजळ तशीच राहिली.

विशाखाने गोळ्यांचं पाकीट काउंटरवर ठेवलं. गोळ्यांचं नाव सांगितलं, कधी घ्यायच्या ते सांगितलं. “उचला, बापू. मी कोणाला वरून टाकत नाही. तुम्हाला तर मुळीच नाही.”

ते पाकीट उचलून जायला वळले, तेवढ्यात दारातून नूरबाई आत आली. सुपडूची बायको. दुःखाने ती वाळून गेली होती, पण आवाज काचेला चीर पडावी तसा होता.

“लोक म्हणतात, तुमच्या हातात होतं ते. खरं आहे का?”

“खरं आहे.”

“मग तवा मोजा का घातला?”

“मला ठाऊक नव्हतं, नूरबाई.”

“तुमाले ठाऊक नव्हतं. तर कोणाले ठाऊक होतं?”

विशाखाने पुठ्ठ्याकडे बोट केलं. “ज्यांना ठाऊक होतं त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी मोजा घातला नसता. हातात खाज असती तरी नसता घातला. म्हणून आता हे लिहून ठेवलंय.”

नूरबाईने दोन्ही हात, एक नाही, दोन्ही, काउंटरवर उताणे ठेवले. “द्या. दम्याचं औषध पण द्या आणि ते पण द्या. माझी पोरंही आणते. पण मी तुमाले माफ नाही केलं.”

“करू नका,” विशाखा म्हणाली आणि तिची बोटं मिटली.

बापू दारात उभे राहून हे बघत होते. “एक सांग,” ते म्हणाले. “हिला तू दिलं. उद्या ही बाजारात कोणाले हात लावील, त्याच्याकडे जाईल?”

“जाईल.”

“माझी नात तुझ्याकडून खोकल्याचं औषध नेते. ती माझ्या मांडीवर बसते.”

विशाखाला हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. पुठ्ठ्यावर लिहायला जागा नव्हती, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. “तिच्याकडूनही येईल.”

“मग तुझ्या या पुठ्ठ्यावरच्या ‘नको’ला काय अर्थ? नको म्हणायचं असंल तर माणसाने करायचं काय?”

नाव सांगितल्याशिवाय गोळी द्यायची नाही, आणि त्रास लपवायचा नाही.

“कोणालाच हात लावायचा नाही,” ती म्हणाली.

बापूंनी मान हलवली आणि काठी टेकत गेले.

खात्याची नोटीस आठवडाभरात आली. फलक हटवा, अन्यथा परवाना रद्द. पाठोपाठ खांबेट्यांचा फोन आला.

“ताई, काढून टाका. मी वरती बोलतो, प्रकरण मिटेल.”

“परवाना घेऊन जा म्हणावं. हात कसा नेणार ते बघा. सावद्यात दुसरा स्रोत आहे का तुमच्याकडे?”

नसणार, हे दोघांना माहीत होतं. “फैजपूरच्या आणि रावेरच्या स्रोतांच्या दुकानांतही तसाच फलक लागलाय,” खांबेटे म्हणाले. “तुमचाच मजकूर. शेवटच्या ओळीसकट.”

“मी नाही पाठवला त्यांना. पण आवडलं ऐकून.”

“दोन्हीकडे निम्म्याहून जास्त लोक हात पुढे करताहेत. माझा अंदाज चुकला.” मग ते म्हणाले, “मी आईला सांगितलं.”

“काय म्हणाली?”

“फोन ठेवून दिला. परत केला तर उचलत नाही.”

“तिच्या घरी जा,” विशाखा म्हणाली. “फोनवर होत नाही हे.”

नोटीस तिने पुठ्ठ्याच्या शेजारीच चिकटवून टाकली, लोकांना तीही वाचता यावी म्हणून.

पावसाळा सरेपर्यंत सावद्यातला निर्ढाव ओसरला. पायरी उतरून गेलेले बरेच जण एकेक करून परत आले होते. कोणी मुकाट्याने हात पुढे करी, कोणी भांडून करी. जे आले नाहीत त्यांच्यातही हळूहळू सोबती पोचलाच होता, बायकोच्या, पोराच्या, शेजाऱ्याच्या हाताने. त्यांना ते माहीत होतं आणि ते त्याबद्दल बोलत नसत. ‘नको’ म्हणून झालं होतं आणि जे व्हायचं ते होतच होतं. त्यात कोणाला फारसा त्रासही वाटत नव्हता. विशाखाला कधी कधी वाटायचं, आपण पुठ्ठा उभा करून मिळवलं ते एवढंच का? मग ती पुसट झालेली अक्षरं पुन्हा गडद करायची.

एकटे धोंडूबापू शब्दाला जागले. ते दुकानात येईनात. औषध त्यांचा मुलगा न्यायचा आणि बाप कसा आहे विचारलं की विषय बदलायचा. म्हाताऱ्यांच्या घरी जाणं हे विशाखाचं कामच होतं, म्हणून एक दिवस सकाळी ती रक्तदाबाचं यंत्र आणि पट्ट्या घेऊन फेगड्यांच्या घरी गेली.

बापू अंगणातल्या ओट्यावर, घराला पाठ करून बसले होते. शेजारी त्यांची वेगळी ताटली, वेगळा पेला उपडा घातलेला. अंथरूणही तिथेच गुंडाळून ठेवलेलं. पायाची पट्टी त्यांनी स्वतःच बांधलेली होती, वेडीवाकडी, आणि तिच्यावर पिवळा डाग होता. त्यांची नात आर्वी, सहा-सात वर्षांची, त्यांच्यापासून हातभर लांब उभी होती. तिने दोन्ही हातांनी तांब्या उंच धरला होता. बापू खाली वाकले होते, ओंजळ तोंडाशी धरून. मुलगी पाण्याची धार वरून सोडत होती, जपून, थेंबही उडू नये, हात लागू नये अशी. चांगली सरावलेली होती.

विशाखा फाटकातच थांबली. तिने ही गोष्ट कधी पाहिलेली नव्हती. ऐकलेली होती, इतक्यांदा की प्रत्येक बारकावा ओळखीचा होता. वाकलेली पाठ, वर वळलेले डोळे, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळणारं पाणी.

बापूंनी तिला पाहिलं. ओंजळ सोडली नाही. पाणी पिऊन झाल्यावर तोंड पुसत म्हणाले, “बघ, जमतं मले.”

“पट्टी ओली झालीय, बापू. बदलू द्या.”

“नको.”

“पाय जाईल. कदाचित पायावरही थांबणार नाही.”

“जाऊ दे. हक्क आहे म्हणाली होतीस ना?”

“आहे,” ती म्हणाली. “तो मी कोणाला काढून घेऊ देणार नाही. पण मी दर आठवड्याला येऊन विचारणार. हात देऊ का, म्हणून. तुम्ही दर वेळी नको म्हणा. कंटाळणार मी नाही.”

बापूंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “हट्टी आहेस.”

“तुम्हीच पहिला हात पसरला होता. तेव्हापासूनची आहे.”

तिने पिशवीतून गोळ्या आणि नव्या पट्ट्या काढल्या, नाव सांगितलं, वेळ सांगितली आणि ओट्यावर ठेवायला वाकली. तेवढ्यात आर्वी धावत पुढे आली.

“थांबा, ताई. अशा नाही. माझ्याकडे द्या,” ती मोठ्या माणसासारखी समजावत म्हणाली. “आजोबांना वरून टाकावं लागतं.”

विशाखाने मुलीकडे पाहिलं, आणि मग बापूंकडे. ते भिंतीकडे बघत होते.

तिने पाकीट आर्वीच्या तळहातावर ठेवलं, तिची छोटी, पाण्याने गार झालेली बोटं एकेक करून मिटली आणि मुठीवर आपला हात ठेवला.

“वरून टाकायचं नाही, बेटा,” ती म्हणाली. “कोणालाच नाही. ओट्यावर ठेव, आणि आजोबांना नाव सांग.”

“पण त्यांना हात लागेल.”

“ठेव.”

आर्वीने ओट्याच्या कडेला पाकीट ठेवलं आणि गोळीचं नाव अडखळत सांगितलं. मग तीन पावलं मागे सरली, कोणी न सांगता, अंगवळणी पडलं होतं तसं, आणि आजोबांनी ते उचलायची वाट बघत उभी राहिली.